पाय उचलायचा नाही

साधनाला पिकअप शिकवली ती तिच्या नवऱ्यानं, मारोतरावानं. त्याची अर्धी हयात शेलूबाजारच्या रस्त्यावर जुनी जीप हाकण्यात गेली होती. पुढं कंबरेनं दगा दिला, त्याला सीटवर बसवेना. जीप विकून घेतलेली पिकअप दारात उभी, आणि मालेगावजवळच्या मळ्यातली वांगी-मेथी तर बाजारात पोचायलाच हवी. मग साधनाच स्टेअरिंगवर बसली. गावानं थोडे दिवस तोंडात बोटं घातली, नंतर तिच्याच गाडीत पोती टाकायला लागलं.

मारोतरावाचा धडा एकच. "ब्रेक दाबून धरू नको. चाक जाम होते अन् गाडी घसरते. दाब-सोड, दाब-सोड करत जा."

गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं, मुरूम पसरलेला. एका सकाळी तिथं म्हैस आडवी आली. साधनानं ब्रेक दाबला आणि पेडल थरथरायला लागलं, कटकट करत तळव्याला धक्के देऊ लागलं. ब्रेक तुटला! तिनं दचकून पाय उचलला, स्टेअरिंग फिरवलं. म्हैस वाचली, पण पिकअप नालीत उतरून बाभळीवर आदळली. शेजारी बसलेल्या सासूच्या, गोजराबाईच्या कपाळाला खोक पडली.

"जीव हाये ना? मंग रडून काहून राह्यली?" रक्त पुसत म्हातारी म्हणाली. घरी मारोतरावानं मात्र गाडीची किल्ली आपल्या खिशात घातली.

मालेगावचा मेकॅनिक भाऊसिंग गाडी दुरुस्त करताना म्हणाला, "वहिनी, ब्रेकले काहीच झालं नोतं. ते आपलं काम करून राह्यले होते."

"काम? पायाखाली पेडल नाचत होतं, दादा!"

भाऊसिंग पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. "पेडल दाबलं का ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडं जोरानं जाते, अन् चाक आवळल्या जाते. जोर जास्त झाला का चाक फिरायचं थांबते, गाडी मात्र घसरतच राह्यते. घसरतं चाक स्टेअरिंगचं आयकत नाही. म्हणून इथं सेन्सर हाये. चाक जाम व्हायले आलं का तो खबर देते, अन् बॉनेटखालच्या त्या डब्यातला वॉल्व्ह तेवढ्या चाकाच्या ऑइलचा दाब सोडते, पुन्हा आवळते. एका सेकंदात कितीकदा! त्याचेच धक्के तुमच्या पायाले लागले."

"म्हंजे दाब-सोड गाडीच करते?"

"गाडीच करते. जुन्या जीपले हे नोतं, मारोतरावचं तवा बरोबरच होतं. तुमी आता कचकन दाबायचं, दाबूनच धरायचं, अन् जिकडं जायचं तिकडं वळवायचं. पण मुरमावर गाडी लवकर थांबन असं समजू नका. वेग तुमच्याच हातात."

किल्ली दुरुस्तीपुरती भाऊसिंगकडं होती; बाजाराच्या रिकाम्या मैदानात त्यानं तिच्याकडून ते करून घेतलं. पेडल थरथरलं की तिचा पाय आपोआप वर यायचा. कळणं वेगळं, पायाला पटणं वेगळं. अखेर एकदा तिनं ओठ चावून पाय रोवून धरला आणि गाडी वळत वळत थांबली.

भाऊसिंगनं गाडी घरी पोचवून किल्ली मारोतरावाला परत दिली, तेव्हा तिनं हात पुढं केला. "किल्ली द्या."

"अन् पुन्हा तसंच झालं तं?"

"तसं होणार नाही, असं कसं सांगू? पण तोडलेली वांगी घरात सडून राह्यली."

मारोतरावानं किल्ली दिली, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही. कपाळाला पट्टी बांधलेली गोजराबाई तिच्याआधीच गाडीत जाऊन बसली होती.

शेलूबाजार जवळ आलं. ओलित केलेल्या वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरनं डांबरावर काळा चिखल सांडला होता. साधनानं वेग कमी केला, तेवढ्यात धुऱ्याच्या, बांधावरच्या वाटेनं एक मोटरसायकल रस्त्यावर चढली आणि ऐन मध्ये येऊन बंद पडली. मागं बाई, तिच्या मांडीवर लेकरू. समोरून उजव्या बाजूनं एक ट्रक भोंगा वाजवत येत होता. डावीकडं अरुंद साइडपट्टी, आणि पुढं पुलाचा कठडा.

तिनं ब्रेक दाबला. पेडल थरथरलं. सगळं अंग ओरडून सांगत होतं, सोड! मागं पोती एकमेकांवर आदळली. गोजराबाईनं डॅशबोर्ड घट्ट धरला. साधनानं पाय तसाच रोवून स्टेअरिंग डावीकडं ओढलं. आणि गाडीनं ऐकलं. मोटरसायकलच्या आरशाला चाटून पिकअप साइडपट्टीवर गेली, ट्रक सुसाट निघून गेला, आणि कठड्याच्या हातभर अलीकडं गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं होतं, तरी साधनाचा पाय पेडलवरच होता. गोजराबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोड आता, पोरी."

मोटरसायकलवाला पवन गाडी ढकलत कडेला आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, किक मारत होतो... लागतच नोती..." त्याची बायको राधिका लेकराला छातीशी धरून खाली बसली होती. लेकरू तेवढं आरशाच्या फुटक्या काचेकडं बोट दाखवून हसत होतं.

साधनाला रागही आला नाही. ती उतरली, पोती सारखी केली, पुन्हा गाडी सुरू केली. बाजारात पोचल्यावर मात्र भाव सांगायला तिचा आवाज फुटेना. त्या दिवशी गोजराबाईच खड्या आवाजात ओरडून वांगी विकत होती.