फर्स्ट फ्लोअरचा अर्थ सांगणाऱ्या वसुधाताई

प्रा. वसुधाताईंची नि माझी पहिली भेट कलकत्त्यातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात झाली. मी कॉलेजात होतो. प्रसाद देता देता त्यांनी विचारलं, "मोटारीत मागे सामान ठेवतात, त्या जागेला काय म्हणतोस?"

"डिकी."

"लंडनला बूट म्हणतात, अमेरिकेत ट्रंक. तिन्ही बरोबर!"

एकाच इंग्रजीची ही ठिकठिकाणची रूपं गोळा करणं हा त्यांचा ध्यास. सहकारी त्याला 'बाईंचा रिकामा उद्योग' म्हणत. त्या उद्योगानेच आमचं घर तारलं.

माझे वडील खिदिरपूरच्या गोदीत गुदामप्रमुख होते. अमेरिकन जहाजावरून आलेली एक किमती पेटी नाहीशी झाली. जहाजाच्या अधिकाऱ्याने चौकशीत सांगितलं, "पेटी मी फर्स्ट फ्लोअरवरच्या माणसाच्या हवाली केली." चेहरा त्याला आठवत नव्हता, पण पहिल्या मजल्यावर बसणारे एकटे वडीलच. त्यांना घरी बसवण्यात आलं. आई देवापुढून हलेना. वसुधाताई भेटायला आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाल्या, "नाना, उद्या मी तुमच्याबरोबर येते."

चौकशी करणाऱ्या साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी त्या अधिकाऱ्याला विचारलं, "आपण किती जिने चढलात?"

"जिने? एकही नाही. दारातून सरळ आत गेलो."

ताई साहेबांकडे वळल्या. "यांच्या देशात तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात."

सगळे तसेच उठून खाली गेले. तळमजल्यावर तागाच्या गठ्ठ्यांमागे पेटी सीलसकट सापडली. बदली कारकुनाने ती ठेवून घेतली होती आणि नोंद न करताच तो गावी गेला होता. साहेबांनी सर्वांदेखत वडिलांचे हात धरून माफी मागितली. वडील घरी आले ते रसगुल्ल्यांची हंडी घेऊनच!

पुढे त्यांच्या कॉलेजाने ताईंचा विषय रीतसर शिकवायला घेतला. पहिल्या व्याख्यानाला सहकारी भिंतीला टेकून उभे होते; बसायला जागाच उरली नव्हती. मीही त्यांचा विद्यार्थी झालो, आज इंग्रजीच शिकवतो. बराकपूरहून येणारी एक मुलगी वर्गात नुसतं 'कझिन' न म्हणता 'कझिन ब्रदर' म्हणाली आणि आम्ही हसलो, तेव्हा ताई म्हणाल्या, "चुलत, मामे, आते, आपल्याकडे सगळे भाऊच. इंग्रजीला हे उमगायला थोडा वेळ द्या." ती मुलगी पुढे वर्गात पहिली आली.

साठी पूर्ण होताच ताई शब्द गोळा करायला शिलाँगला निघाल्या आहेत. तिकीटही काढून झालं आहे. त्यांचे पाय असेच चालते राहोत, कान असेच तल्लख राहोत, आणि त्यांच्या शंभरीचा लेख लिहिण्याचा मानही आम्हालाच मिळो!