मोराजवळची जागा

कोयनानगरात जमीन हलली की आम्ही चहाचा कप उचलून हातात धरतो आणि थांबली की पुढचा घोट घेतो. ही सवय बरी नव्हे, हे लेक शाळेत जायला लागल्यावर मला कळलं.

शाळा सरकारी. बाई एकच, पण जीव ओतून शिकवणारी. माझी लेक दुसरीतच घडाघडा वाचू लागली. धड म्हणावा असा वर्गही एकच, आणि त्याच्या मागच्या भिंतीला हा मोठा तडा. तपासणीला साहेब येणार म्हणून गावानं ती भिंत रंगवली. पाढे, बाराखडी आणि मधोमध मोर. साहेब खूश होऊन फोटो काढून गेले. दुखणं झाकायला रंग पुरतो, बरं का! पुढच्याच धक्क्याला तडा मोराच्या मानेतून वर आला.

"बाई, वर कळवा की," मी म्हटलं.

"कळवलं तर वर्ग बंद करतील. पोरं थोडी, मग शाळाच उचलतील. एवढीएवढी पोरं रोज घाट उतरून जातील का?"

पालकांच्या बैठकीत एक आजोबा म्हणाले, "भिंत कवाची हलतीया, पडली न्हाई. शाळा गेली तर परत यायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला संताप आला, पण मान माझीही डोलली.

बाईंनी त्यांच्या परीनं उपाय केला. धक्क्यात अडकू नये म्हणून वर्गाचं दारच काढून ठेवलं. रोज प्रार्थनेनंतर पोरं वर्गात बसली की सरावाची थाळी वाजायची आणि पोरं मैदानात पळायची. लेक मागं राहायची. भिंत माझ्या हातात नव्हती, लेकीचे पाय तरी होते. रोज पहाटे तिला रस्त्यावर पळवू लागले. रडली तरी सोडलं नाही.

परवा ती नाचतच घरी आली.

"आई, आज मी सगळ्यांच्या म्होरं! बाईंनी माझी जागा बदलली."

"कुठं बसवलं?"

"पार मागं, मोराजवळ. दारापाशी बारकी नि हळू पळणारी बसत्यात. मोराजवळ फकस्त लय पळणारी!"

मी तिला जवळ घेतलं. तिचा ऊर अजून धपापत होता.

"उद्या लवकर उठव हां," ती म्हणाली.