मागची सीट

भाऊसाहेब बसमध्ये चढले की थेट मागच्या सीटवर जाऊन बसत. राज्याचे परिवहन खाते त्यांच्याकडे होते, तेव्हाही. मी त्यांचा स्टेनो म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी सरकारी मोटार नागपुरात सोडून त्यांनी मला कुहीच्या बसमध्ये शेजारी बसवले. वाटेत माझे डोके दोनदा टपाला लागले.

"कसं वाटून राहिलं गा, बाबू?"

"ठीक आहे, साहेब."

"खोटं बोलून राहिला तू. ड्रायव्हरच्या बाजूले बसून गाडी समजत नाही. गाडी मागून समजते. राज्यबी तसंच."

कुहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला हा माणूस. मनाने निर्मळ, पण राग नाकावर. त्या रागापायी एक चूक झाली. टेंभेकर नावाचे तपासणी अधिकारी होते. उद्घाटनासाठी सजवलेली नवी बस त्यांनी ऐनवेळी नापास केली. भाऊसाहेब हातात नारळ घेऊन तसेच उभे. आठवडाभरात टेंभेकरांची बदली पार दूरच्या जंगलभागात झाली. तो कागद मीच टाइप केला होता.

पुढच्या निवडणुकीत भाऊसाहेब पडले. बंगल्यावरची गर्दी आठ दिवसांत ओसरली. इतवारीतला हारवालासुद्धा ओळख विसरला. लोक म्हणाले, आता गावी जाऊन जुन्या गोष्टी सांगत बसतील. यांनी हिंगण्याला शेड घेतली आणि बसच्या बॉड्या बांधायला काढल्या. मला एवढेच विचारले, "येतं का गा माह्यासंग?" मी सरकारी नोकरी सोडून गेलो. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

पेंटरने हौसेने पाटीवर त्यांच्या नावाखाली 'माजी परिवहन मंत्री' असे रंगवले. भाऊसाहेबांनी स्वतः टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते पुसून काढले. "माज गेला का माणूस माजी होते," ते म्हणाले, "ते पाटीवर कायले लिहा लागते?" त्यानंतर कारखान्यात तो शब्द कोणी काढला नाही.

पहिली नमुना गाडी तयार झाली. ती पास झाली तर एसटीच्या गाड्या बांधायचे काम मिळणार होते, नाहीतर तीस कारागीर घरी, आणि त्यांच्या मागोमाग मी. तपासायला कोण येणार हे कळले तसा मी धावत भाऊसाहेबांकडे गेलो. टेंभेकरच.

"साहेब, मुंबईला एक फोन करा. आत्ताचे मंत्री तुमच्याच हाताखाली तयार झालेत."

"गाडीले चाकं आहेत, बाबू. तिले फोन कायले पाहिजे?"

टेंभेकर आले. हसले नाहीत, चहाही घेतला नाही. हातोडीने एकेक रिव्हेट ठोकून पाहिला. मग प्रवाशांच्या वजनाइतकी रेतीची पोती भरून गाडी कुहीच्या रस्त्याला निघाली. भाऊसाहेबांनी त्यांना मागच्या सीटवर बसवले, स्वतः शेजारी बसले. मी पुढच्या बाकावर, कान मागे.

"तुमची बदली मी केली होती," भाऊसाहेब म्हणाले. "गाडी खराबच होती, तुमचं बरोबर होतं. तो माहा माज होता. आता माजी आहो, तं कबूल करतो. या गाडीत खोट असंन तं आजही नापास करा."

टेंभेकरांनी वहीत काहीतरी टिपले. "बघू," एवढेच म्हणाले.

परतताना त्या रस्त्यावरचे सगळ्यांत वाईट खड्डे आले. मी सवयीने डोक्यावर हात धरला आणि मागे वळून पाहिले. टेंभेकर झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला. भाऊसाहेबांनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवले. त्यांचे डोळे भरले होते. मंत्री असताना इतके हार गळ्यात पडले, पण तो चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

गाडी पास झाली. एका शेडच्या तीन झाल्या. आमच्या बॉडीच्या बसगाड्या विदर्भभर धावू लागल्या, आणि रस्त्यात एखादी दिसली की माझी बायको शेजारणीला सांगायची, "हे आमची वं."

भाऊसाहेब गेले तेव्हा पेपरांनी 'माजी मंत्री' लिहिलेच. कारागिरांनी त्यांना आमच्याच नव्या गाडीतून गावी नेले. गाडी सुटता सुटता टेंभेकर काठी टेकत चढले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. पुढे लोक जागा देत होते, पण ते मागे येऊन माझ्याशेजारी बसले.

कुही जवळ आली तेव्हा म्हणाले, "अख्ख्या नोकरीत मी कामावर एकदाच झोपलो. मागच्या सीटवर."