फूटपट्टी मास्तरची ट्रायल

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या शिंप्याला सगळी गल्ली फूटपट्टी मास्तर म्हणते. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ वळली की फूटपट्टी. हे नाव मी ठेवलं असा त्याचा संशय आहे, आणि तो दूर करायच्या भानगडीत मी पडलेलो नाही. नाव शोभायचं हे मात्र खरं. बांधा सडपातळ, भांग सरळ, पँटची इस्त्री सरळ, आणि चालणं असं की वाटावं, सदऱ्याचा हँगर अजून आतच आहे.

जीभ मात्र मऊ. कुणाचं पोट सुटलेलं दिसलं तर 'कमरेला शिवणीत माया थोडी जास्त ठेवतो' एवढंच म्हणेल. माप घेताना झाडून सगळी गिऱ्हाइकं पोट आत ओढतात, त्यावरही त्याचा उपाय ठरलेला. टेप कमरेभोवती धरायची आणि हळूच विचारायचं, सासूबाई काय म्हणतात? विषय निघाला की रोखलेला श्वास आपोआप सुटतो, पोट जागेवर येतं आणि मास्तर खरं माप लिहून घेतो. दुपारभर त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून मी अशी किती घराणी ऐकली असतील त्याला गणती नाही. शिंप्याच्या दुकानापुढे वर्तमानपत्र फिकं.

पण त्याची स्वतःची गोष्ट मला दुकानात नाही कळली, भिंतीतून कळली. वरच्या मजल्यावर त्याच्या आणि माझ्या बिऱ्हाडात एकच भिंत आहे आणि बांधणाऱ्याने विटांची बरीच बचत केलेली आहे. मी काही कान लावत नाही. कान आपल्या जागेवर असतात, आवाजच चालत येतात. रोज उजाडताना पलीकडे पलंग करकरायचा. मग दातांखाली दाबलेलं एक कण्हणं, मास्तरणीचं 'हळू, आधी कुशीवर वळा', मग खुर्ची ओढल्याचा आवाज. त्या खुर्चीला धरून हा माणूस उभा राहायचा. पायात मोजे बायको घालायची. मग गोळी, मग कढत पाण्याची आंघोळ, मग दोन खोल्यांतून येरझारा. उन्हं चांगली वर आली की जिन्यावरून फूटपट्टी उतरायची, ताठ आणि इस्त्रीची. गल्लीला दिसायची ती हीच. गल्ली म्हणायची, मास्तर साहेब झाला, दुपारी दुकान उघडतो.

हे सुरू झालं तो चाळिशीच्या अलीकडे होता तेव्हा. मग डॉक्टर सुरू झाले. डॉक्टर शोधायचं खातं मेहुण्याकडे होतं. हा मास्तरणीचा धाकटा भाऊ. यंत्रांचे सुटे भाग विकतो, त्यामुळे माणसाच्या सुट्या भागांबद्दलही अधिकाराने बोलतो. प्रत्येक डॉक्टर त्याला 'आपला माणूस' असायचा. पहिल्या आपल्या माणसाने पाठीचा फोटो काढला, उजेडात धरला, हाडं स्वच्छ आहेत म्हणाला, आणि कमरेला पट्टा व सक्तीची विश्रांती सांगितली. मास्तर इमानेइतबारे पडून राहिला आणि उठला तो आणखी आखडून. दुसऱ्याने चिंता करू नका सांगितलं. तिसरा फार मोठा. त्याच्याकडे बसून बसून माणूस बरा व्हावा एवढा वेळ बसवत. आत गेल्यावर त्याने विचारलं, किती दुखतं? मास्तर म्हणाला, थोडंसं. मोठ्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. मास्तर परत आला तो खूश. म्हणाला, साहेबांना माझा काही त्रास झाला नाही.

आता यातली गोम सांगतो. कुरकुर करणारं गिऱ्हाईक त्याला मुळात आवडत नाही. आणि त्याची एक शिस्त आहे. शिवलेला कपडा कच्चे दोरे काढून, इस्त्री करून, घडी घालूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. अर्धवट, उलटा कपडा कुणाच्या नजरेला पडता कामा नये. डॉक्टरकडे जाताना तो स्वतःलाही असाच न्यायचा. वेळ मागायची ती संध्याकाळची, कारण तोवर अंग मोकळं झालेलं असायचं. निघण्याआधी गोळी घ्यायची, म्हणजे जिना नीट चढता येईल. शर्ट कडक, दाढी गुळगुळीत. डॉक्टरांच्या पुढ्यात यायचा तो तयार माल. त्यात ते बिचारे काय उसवणार?

एके दिवशी भिंतीपलीकडे मेहुणा जेवता जेवता हसत म्हणाला, "भावोजींची पाठ फक्त घरात दुखते. बाहेर पडली की बरी असते."

तेव्हापासून मास्तर बदलला. कोट घेणं त्याने आधीच बंद केलं होतं, आता पँटही परत पाठवू लागला. मोठ्या कात्रीला तेल लावून कापडात गुंडाळून ठेवली. लांब पँट आखूड कर, चेन बदल, एवढ्यावर आला. आणि एक दिवस मला म्हणाला, काका, दुकान देऊन टाकतोय. मेहुण्याने मोबाइलच्या दुकानासाठी माणूस बघितला होता. पुढच्या महिन्यात ताबा. कापडावर खडूने रेघ ओढताना ज्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद दिसायचा, तो माणूस टेबलाकडे पाठ करून बसला होता.

मास्तरीण मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. बटणांची काजं करून द्यायला येणाऱ्या बाईकडून तिला एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. सांध्यांच्या दुखण्याच्या तज्ज्ञ. मास्तर म्हणाला, संधिवात काकांच्या वयाला होतो, मला कसा होईल? हे मी भिंतीतून ऐकलं आणि लक्षात ठेवलं. पण खरं भांडण वेळेवरून झालं. तिने सकाळचा पहिला नंबर लावला होता आणि ती म्हणत होती, गोळी न घेता चला. मास्तर म्हणे, मोजे बायकोने घातलेले, पाठीत वाकलेला, असा लोकांसमोर जाऊ? लोक काय म्हणतील?

"अहो, गिऱ्हाइकाला तुम्ही ट्रायलला बोलावता तेव्हा कच्चे दोरे लोंबतच असतात ना?" ती म्हणाली. "डॉक्टरकडे ट्रायलला जायचं असतं. तुम्ही दर वेळी डिलिव्हरी द्यायला जाता."

मी मनातल्या मनात मास्तरणीला साष्टांग नमस्कार घातला. सकाळी दारावर थाप पडली. काका, जरा यांचा दुसरा हात धरता का? मी तयारच होतो. कसा काय तयार होतो हे तिने विचारलं नाही.

तो जिना मी जन्मात विसरणार नाही. एक एक पायरी करत आम्ही तिघं आडवे उतरलो. रस्त्यावर दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. समोरची बाई झाडू मारायची थांबली. मास्तरची नजर जमिनीवर, कान लाल. शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती आणि ती नीट करायला हात वर जात नव्हता. मी नीट करायला गेलो तर मास्तरीण म्हणाली, राहू द्या. तशीच दाखवू.

डॉक्टरीणबाई वयाने बेताच्या, आवाज शांत. त्यांनी विचारलं, किती दुखतं?

"थोडंसं," मास्तर म्हणाला.

मास्तरीण असं खोकली की बाहेरच्या पेशंटांनी वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिसरंच काही विचारू लागल्या. काय काम करता? कोट शिवता? बाही खांद्यावर नीट बसावी म्हणून काय करावं लागतं? मास्तर खुलला. बाही कशी बसवतात ते हवेत बोटं फिरवून सांगू लागला आणि सांगता सांगता बोलून गेला, पण आता सकाळी टेबलावर वाकता येत नाही, म्हणून कोट बंद केले. वाकता येत नाही म्हणजे कसं, बाईंनी विचारलं. आणि मग उसवतच गेलं. पहाटे दुखण्यानेच जाग येते, उठून फिरलं की जरा सुटतं, उठायला खुर्ची लागते, मोजे. सासूबाईंचा विषय काढायची युक्ती त्याच्यावरच उलटली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मला हसू येत होतं, त्यामुळे मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत बसलो.

बाईंनी विचारलं, विश्रांती घेतली की बरं वाटतं?

"नाही हो मॅडम, जास्तच आखडतं."

"हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? विश्रांती त्यांनीच सांगितली होती. त्यांना वाईट वाटलं असतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? मास्तरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत स्पष्ट होतं की बाईंपुढे दुसऱ्याच पेशंटचे कागद आले. पण मास्तरीण म्हणाली, झाला होता की, दोनदा. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले, बरा झाला. आम्हाला वाटलं, सुईत बघून बघून झाला. बाई म्हणाल्या, पाठ आणि डोळा, ही दोन्ही भांडणं एकाच घरातली असू शकतात.

मग त्यांनी मास्तरला भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोकं मागे टेकवा म्हणाल्या. फूटपट्टीच ती, टेकणार असं मी धरून चाललो होतो. डोकं टेकेना. मध्ये चार बोटं जागा राहिली. त्यानंतर बाईंनी खणातून टेप काढली, छातीभोवती धरली. मास्तरने सवयीने तिचं टोक सरळ करून दिलं. श्वास पूर्ण सोडा. आता भरून घ्या, घ्याल तेवढा. त्याने डोळे मिटून घेतला.

मग मान खाली घालून त्याने स्वतः टेप वाचली.

"मॅडम, परत घ्या. घसरली असेल."

त्यांनी परत घेतली. आयुष्यभर छात्या मोजलेला माणूस, श्वास भरल्यावर टेप किती सरकते हे त्याच्या बोटांना पाठ. ती जेमतेम हलली होती. तो टेपकडे बघत राहिला.

"म्हणजे खरंच आहे," तो म्हणाला.

भिंतीतून मी सगळं ऐकलं होतं असं मला वाटायचं. पण आपलं दुखणं खरं आहे की नाही याची या माणसाला स्वतःलाच खात्री उरली नव्हती, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बाईंनी दुखण्याचं, म्हणजे पाठीच्या कण्याच्या संधिवाताचं, लांबलचक नाव सांगितलं. ते मास्तरला अजून नीट म्हणता येत नाही, मलाही नाही. रक्त तपासायला लावलं, कमरेच्या सांध्यांचा मोठ्या मशीनवरचा फोटो काढायला लावला. पहिला फोटो चुकीचा नव्हता म्हणाल्या, सुरुवातीला साध्या फोटोत हे दिसत नाही. हे कायमचं जाणार नाही, पण आवरता येतं. मास्तरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग काम सोडू ना?

"कुणी सांगितलं? बसून राहिलात तर लवकर आखडाल. टेबल उंच करून घ्या, फार वाकू नका, आणि दर थोड्या वेळाने फिरा. व्यायाम मात्र रोज. औषधाइतकाच तो महत्त्वाचा."

परतताना मास्तर आधीच्या तिघा डॉक्टरांवर असा तापला की मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत प्रथमच तो कुरकुर करत होता. मास्तरीण म्हणाली, त्यांनी विचारायला हवं होतं आणि तुम्ही सांगायला हवं होतं. मला तरी यात दोन्ही बाजूंना न्याय मिळालासा वाटला. एकाला वेळ नव्हता आणि दुसऱ्याला लाज होती.

नंतर सगळं गोडच झालं असं समजू नका. तपासण्यांनी बाईंचा अंदाज खरा ठरवला, पण पहिलं औषध पोटाला मानवलं नाही. मास्तर चार दिवस पांढराफटक पडला, पण डॉक्टरांना कळवायला तयार नाही, त्यांना कशाला त्रास. मास्तरणीने फोन लावून त्याच्या कानाला धरला. औषध बदललं. व्यायामाचं म्हणाल तर, रोज भिंतीला पाठ लावून तो हात वर करतो तेव्हा माझ्या बाजूची फडताळं हलतात. मी तक्रार केलेली नाही. काही सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज येत नाही. काही सकाळी येतो.

महिना संपला आणि मेहुणा त्या मोबाइलवाल्याला घेऊन दुकानात आला. त्यांना आतली जागा मोजायची होती. तिथे सुतार टेबलाच्या पायांना ठोकळे बसवत होता आणि मास्तर उभ्याउभ्या उंची दाखवत होता, अजून थोडं, कोपराला यायला हवं. मी अर्थातच बाकावर होतो.

"भावोजी, हे काय? मी यांना शब्द दिलाय," मेहुणा म्हणाला.

मास्तर म्हणाला, तू दिलास, आता तूच परत घे. मेहुण्याने मोबाइलवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू हे मीच केलं. यांना सांगू तरी काय, त्याने विचारलं.

"सांग, मालकाची पाठ फार दुखते," मास्तर म्हणाला, "म्हणून दुकान चालूच ठेवावं लागणार आहे."

मोबाइलवाल्याला यातलं काही कळलं नाही. त्याने खांदे उडवले. मग जाता जाता टेबलावरच्या निळ्या कापडाला हात लावून तो म्हणाला, कोट शिवता का तुम्ही? मास्तरने गळ्यातली टेप काढली, त्याला उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, लग्न झालंय का? सासूबाई काय म्हणतात?