मीटिंग राहिली, सत्कार झाला

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसले की चहा गार होतो आणि डोकं गरम! एक सांगून होतोय तोवर दुसरा आठवतो, आणि दर वेळी नव्यानं संताप येतो.

आधी माणसं सांगते. पुण्यातली पॅकेजिंग डिझाइनची नोकरी सोडून मी साताऱ्याला घरी आले. कामाच्या ओळखी जुळवायच्या एका वेबसाइटवर चौघं भेटले. तासगावचे अरुणदादा, बेदाणावाले. महाबळेश्वरच्या विद्यावहिनी, स्ट्रॉबेरी जॅम बनवतात. फलटणचे जाधवसाहेब, मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता गूळ करतात. आणि मिरजेचे सलीमभाई, त्यांचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना. माझी आयडिया साधी होती. बेदाणा, जॅम, गूळ एका बॉक्समध्ये, वर माझं लेबल, आणि दिवाळीला गिफ्ट म्हणून विकायचं.

आईनं बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत काय ते जमव. नाहीतर गुमान पुण्याला परत जा." जुन्या ऑफिसचेही फोन येत होते. मला जायचं नव्हतं. म्हणून तर या लोकांच्या मागं हात धुऊन लागले होते!

*

पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर विचारलं, "प्रत्येकानं आपल्या बरणीचं किंवा पाकिटाचं माप कळवा."

पटापट उत्तरं आली. विद्यावहिनी : "स्तुत्य उपक्रम!" अरुणदादांनी जोडलेले हात आणि फुलांचा गुच्छ टाकला. जाधवसाहेब : "प्राउड ऑफ यू, ताई." सलीमभाई : "माशाल्ला!"

माप कुणाचंच नाही. मी पुन्हा लिहिलं, "अहो, माप पाहिजे, माप!"

विद्यावहिनी : "सुप्रभात."

दुपारचे चार वाजले होते!

*

म्हटलं, समोरासमोर बसू. कराड सगळ्यांना मध्ये पडतं, तिथल्या हॉटेलचा छोटा हॉल घेतला. मी लॅपटॉप उघडून तयार. तर अरुणदादा बॅनर घेऊन आले, त्यावर आम्हा पाचही जणांचे फोटो! जाधवसाहेबांनी पिशवीतून शाली काढल्या, वहिनींनी नारळ.

मग अरुणदादांनी जाधवसाहेबांचा सत्कार केला, जाधवसाहेबांनी अरुणदादांचा. सलीमभाईंना फेटा बांधला. वहिनींनी मनोगत व्यक्त केलं. हॉलमध्ये आम्ही पाचच डोकी. टाळ्या कोण वाजवणार? ज्याचा सत्कार चालू नाही तो!

मी न राहवून म्हटलं, "बॉक्सबद्दल बोलायचं का?"

सगळे दचकले. "आरं देवा, ताईंचा सत्कार राह्यला की!"

माझा होईतोवर साखरपुड्याचे पाहुणे दारात येऊन उभे राहिले आणि हॉल सोडावा लागला. शाल मात्र चांगली निघाली, थंडीत अजून वापरते.

*

त्या वेबसाइटवर एकमेकांच्या कौशल्याची शिफारस करता येते. मी सलीमभाईंना म्हटलं, माझ्या डिझाइनची करा. माणूस लाखमोलाचा! त्यांनी डिझाइनची केली, आणि पुढं जेवढं दिसलं तेवढ्या सगळ्याची केली. ऊस, कुस्ती, कुक्कुटपालन.

दोन दिवसांनी विट्याहून फोन. "म्याडम, पिल्लं मान टाकाय लागल्यात. काय देऊ?"

मी घाबरून एका जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि सलीमभाईंवर उखडले. ते शांत. "ताई, आपल्या माणसाची तारीफ करताना हात आखडता कशाला घ्यायचा?"

पिल्लं वाचली. त्या भल्या माणसानं वेबसाइटवर माझं जाहीर कौतुक केलं. आता माझ्याकडं डिझाइनचं काम येत नाही, कोंबड्यांची चौकशी येते!

*

मग ऑनलाइन मीटिंग ठरवली. अकराची वेळ. जाधवसाहेब वक्तशीर, म्हणून सगळे अधिकार त्यांच्याकडं दिले. नेमकी तेव्हाच आमच्याकडं लाइट गेली आणि मला पाच मिनिटं उशीर झाला. बघते तर मीटिंगला कुलूप!

फोन केला. "साहेब, मला आत घ्या!"

"सॉरी ताई. टाइम म्हंजी टाइम. आत घेतलं तर बाकीच्यांस्नी काय मेसेज जाईल?"

"बाकीचे कोण आहेत आत?"

"कोण न्हाई. म्या एकटाच हाय."

*

शेवटी मीच तासगावला गेले. अरुणदादांच्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

मी गाव सांगितलं, आजोळ सांगितलं. भाकरी खाईपर्यंत म्हातारीनं माझं नातं शोधून काढलं. त्यांच्या थोरल्या जावेच्या माहेरची मी भाची लागत होते! पोटाशी धरलं, खणानारळानं ओटी भरली. मला वाटलं, जिंकलं! आता बेदाण्याचं पक्कं करून टाकू.

अरुणदादा गंभीर झाले. "आता कसं जमंल? आपुन पाव्हणं निघालो. पाव्हण्यात धंदा करू नये, नाती बिघडत्यात."

मी एसटीत बसून तासगाव ते सातारा कपाळ बडवत आले.

*

नवरात्र संपलं. बॉक्स नाही, माप नाही, काही नाही. मी हात टेकले. ग्रुपवर लिहिलं, "मला जमलं नाही. सोमवारी पुण्याच्या जुन्या नोकरीवर परत जातेय. सगळ्यांची आभारी आहे."

लगेच उत्तरं. "अभिनंदन ताई!" "पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!" गुच्छावर गुच्छ!

फोन कॉटवर आपटला आणि रडले. खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. चौघंही उतरले, शाल-नारळासकट. सत्काराला मेले बरोब्बर वेळेवर येतात! आईनं हसत चहाचं आधण ठेवलं.

"निरोप समारंभ हाय," अरुणदादा म्हणाले. शाल घालून झाली. मग सलीमभाईंनी माझ्या हातात एक बॉक्स ठेवला.

उघडला. आत तीन खण. एकात बेदाणा, एकात जॅमची बरणी, एकात गुळाची ढेप. हलवून बघितलं, काहीही हललं नाही.

मी विचारलं, "माप कुणी दिलं?"

"माप कशाला पाहिजे?" वहिनी म्हणाल्या. "बरणी घेऊन मीच गेले की मिरजेला. भाभींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. अरुणदादा आणि जाधवसाहेबही आले होते. पहिला बॉक्स फसला, मग परत गेलो."

"अहो, वर्षभर मी हेच मागत होते ना!" मी ओरडलेच.

"ते कामाचं हुतं," अरुणदादा म्हणाले. "ह्ये घरचं हाय."

मी बॉक्स उलटसुलट करून बघितला. झाकण कोरंच होतं.

जाधवसाहेब घसा खाकरून म्हणाले, "टेम्पोत अजून लय हायत. तुमच्या हाफिसातल्या समद्यांस्नी एकेक द्यायचा. मोकळ्या हातानं कसं जायचं? तेवढं लेबल लावायचं सोडलंय, ताई. ते तुमचं काम न्हवं का?"