टाका काढायचा राहिला

माझी दोन बाळं पाचव्या महिन्यातच गेली, तीही फारशा कळा न येता. तिसऱ्या खेपेला भोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवीचं तोंड कच्चं आहे, ओझं पेलत नाही, वेळेआधीच उघडतं. तिसरा महिना सरताच त्यांनी खालून टाका घातला. हा टिकला नाही तर पुढच्या वेळी पोट उघडून वरून घालावा लागेल, असंही सांगितलं. आणि बजावलं, "नववा लागला की काढून घ्यायला या. टाका असताना कळा आल्या तर पिशवीचं तोंड फाटेल."

टाका कुठे आहे याचीच मला लाज. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत सासूबाई शेळ्यांमागे हिंडायच्या आणि मी तरणीताठी दिवसभर आडवी. कुणी विचारलं की त्या खुशाल सांगायच्या, "पिशवीला टाका घातलाय तिच्या." मी गोधडीत तोंड खुपसायची.

बाळंतपणाला माहेरी, शिवऱ्याला आले. आई माझ्याहून लाजरी. धाकटीचं लग्न जमवायचं चाललं होतं. थोरलीत खोट आहे असं कळल्यावर धाकटीला कोण करून घेणार? नववा लागला. भोरला जायच्या दिवशीच तिला बघायला पाहुणे येणार असा निरोप आला. आई म्हणाली, "उद्या जाऊ." मीही हो म्हटलं.

पाहुणे सोप्यात पोहे खात होते आणि आत मला कळा सुरू झाल्या. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाळ जाईल, कदाचित मीही जाईन, हे कळत होतं. तरी मनात एवढंच, की बाहेर ऐकू जाऊ नये. त्या बोळ्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

तेवढ्यात एसटीतून उतरून सासूबाई दारात आल्या. "विहीणबाई, सुनंचा टाका काढला का?"

"हळू बोला ना," आई कळवळली.

"हळू कशापायी?" म्हणत त्या आत आल्या आणि मला बघून ओरडल्या, "आगं, हिला कळा लागल्यात! भाईर जीप कुणाची हाय?"

जीप पाहुण्यांची होती. मुलाची आई कुणाला न विचारता माझ्याबरोबर मागे चढली, माझं डोकं मांडीवर घेतलं. मी लाजेने डोळे मिटून घेतले. वाटेत ती कानाशी वाकून म्हणाली, "माजी तीन अशीच गेली. लाजंपायी म्या डाक्टरकडं गेलेच न्हाई. कुणाला सांगू नगंस."

भोरला टाका वेळेत निघाला. मुलगी झाली. धाकटी त्याच घरात पडली.

बारशाला ती मुलाची आई आली होती. सासूबाई बायकांना टाक्याची हकिकत रंगवून सांगत होत्या. ती माझ्याकडे बघून गप्प बसली, मीही गप्प बसले. पाळण्यातली पोर तेवढी घसा फोडून रडत होती.