पंचविसावा सामना आणि तिसरा आग्रह

हालव्हार स्कुगस्ताद नॉर्वेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून चोवीस सामने खेळला आणि त्या चोवीस सामन्यांत नऊ वेगवेगळ्या जागांवर उभा राहिला. ऐकणाऱ्याला वाटेल, काय हा गुणी माणूस! गुणी तो होताच, पण नऊ जागा मिळण्याचं कारण त्याच्या पायांत नव्हतं, ते निवड समितीच्या भांडणात होतं. समितीत तीन सदस्य होते. एक ऑस्लोचा, एक बर्गनचा, एक पूर्वेकडच्या गिरण्यांच्या गावांतला. देशाच्या भल्याविषयी तिघांचं अगदी एकमत होतं: आपल्या गावची पोरं घ्यावीत. भांडण हातघाईवर आलं की कॉफी मागवली जायची आणि कॉफी संपली की कुणीतरी म्हणायचं, त्या जागी स्कुगस्तादला टाका. त्याच्यावर तिघांपैकी कुणाचाच जीव नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा राग असण्याचंही कारण नव्हतं.

नेसवीक गावात, फियॉर्डच्या म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठी, मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो कामाला होता. तिथंही हीच गत. धुराच्या भट्टीवरचा माणूस आजारी पडला की हालव्हार भट्टीवर. झाकणं बसवायच्या यंत्रावरची बाई बाळंतपणाला गेली की हालव्हार झाकणांवर. सोळा वर्षं तिथं काढली, पण हे माझं काम असं म्हणायला त्याला काही मिळालं नाही. त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही असं मुकादम चारचौघांत सांगायचा आणि मग त्याला पुन्हा कुठंतरी पाठवायचा.

स्वीडनविरुद्धच्या एका सामन्यात गोलरक्षकाचं बोट मोडलं, तेव्हा उजव्या बाजूला खेळणारा हालव्हार शेवटची पंचवीस मिनिटं गोलात उभा राहिला. त्यानं चार गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की स्कुगस्ताद नेहमीसारखाच भरवशाचा ठरला. आमच्याकडचे पेपरवाले हा शब्द टपालाच्या बोटीला आणि म्हाताऱ्या घोड्यालाही लावत असत. बायकोनं, योरुननं, ते कात्रण तरीही कापून ठेवलं.

आता मुद्द्याची गोष्ट. पंचवीस सामने खेळणाऱ्याला महासंघ सोन्याचं घड्याळ देत असे. खेळायचे पैसे मिळत नसत, बूटसुद्धा आपले आपण आणायचे, पण घड्याळ मिळायचं आणि त्यावर नाव कोरलेलं असायचं. विसावा सामना झाला तेव्हाच योरुननं त्याच्या रविवारच्या वेस्टकोटाला आतून घड्याळाचा खिसा शिवला. कुणाला सांगितलं नाही. आपण मोठे लागून गेलो असं दाखवणं नेसवीकमध्ये चोरीच्या खालोखाल वाईट समजलं जायचं. पण हालव्हारला खिसा ठाऊक होता. जन्मभर दुसऱ्यांच्या जागा भरल्या, तर एक वस्तू आपल्या नावाची असावी, असं त्याला वाटे. फार वाटे.

आणि त्याची माती झाली ती आमच्या फियॉर्डच्या रीतीमुळे. आमच्याकडे पाहुणा आला की दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. या, टेबलाशी या, असं पहिल्यांदा म्हटलं की म्हणायचं, नको, कशाला त्रास. दुसऱ्यांदा म्हटलं की म्हणायचं, आत्ताच जेवून आलो. तिसऱ्यांदा म्हटलं की सुस्कारा टाकून उठायचं आणि पोटभर खायचं. पहिल्याच बोलावण्याला जो उठला तो हावरा, आणि तिसऱ्यांदा जो विचारत नाही तो कंजूष. यात चूक झाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

एरवी समिती तार पाठवायची. तारेत विचारणा नसते, हुकूम असतो, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. पण पंचविसाव्या वेळी महासंघाचे अध्यक्ष ब्रेक्के यांच्या मनात आलं की या माणसाला आपण स्वतः फोन करून मान द्यावा. ब्रेक्के मूळचे आमच्याच फियॉर्डच्या पलीकडच्या काठचे. राजधानीत कॉफीचा घाऊक व्यापार करून चांगले गलेलठ्ठ झाले होते.

फोन होता मारेनबाईंच्या दुकानात. हालव्हार कारखान्यातून धावत आला. ब्रेक्केंनी आधी हवेची चौकशी केली, मग हेरिंग माशांची, मग स्वतःच्या गुडघ्याची. अडीच मिनिटं त्यातच गेली. मग म्हणाले, "डेन्मार्कविरुद्ध डाव्या बगलेला खेळशील का, हालव्हार?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी विचारत होतं. त्याला इतकं बरं वाटलं की तो आपल्या आईनं शिकवलं तसं वागला. "नको हो साहेब, माझ्याहून चांगले आहेत की."

"अरे, पण तुझं काय मत?"

"तो आमच्या गावचा तोर्मुद ऑयगार पोरगा आहे ना, तो जास्त चपळ आहे."

इथं ट्रंककॉलची तीन मिनिटं संपली. वेळ वाढवायची का, असं एक्स्चेंजमधल्या बाईनं विचारलं आणि ब्रेक्के काहीतरी पुटपुटले. लाइन तुटली.

हालव्हारनं फोन ठेवला आणि तिथल्याच हेरिंगच्या पिंपावर बसला. दोनदा विचारून झालं होतं. आता तिसऱ्यांदा घंटी वाजणार, त्यात शंका नव्हती. दुपारभर तो बसून राहिला. मारेनबाईंना गर्दी आवरेना, तेव्हा त्यानं बटाटे तोलले, रॉकेल मापून दिलं, एका आजीला लोकरीचा रंग निवडून दिला. दुकान बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा योरुन त्याला शोधत आली.

"तूच लाव ना फोन," ती म्हणाली.

"आपणहून? मला खेळवा म्हणून?"

"खेळवा म्हणू नकोस. लाइन तुटली होती, एवढंच सांग."

"ते म्हणतील, बघा, घड्याळासाठी जीव टाकतोय."

"टाकतोच आहेस की," योरुन म्हणाली, आणि तिला रडू आलं. त्यानं फोन लावला नाही. समितीच्या वहीत नोंद झाली की स्कुगस्ताद यांनी नम्रपणे नकार दिला. डाव्या बगलेला तोर्मुद ऑयगार खेळला, त्यानं दोन गोल केले, आणि हालव्हार तेहेतिसाव्या वर्षी माजी खेळाडू झाला. वेस्टकोटाच्या खिशात तो मासे धरायचे गळ ठेवू लागला.

गावानं मात्र त्याचं कौतुक केलं. एवढा मोठा खेळाडू, पण पोरासाठी जागा सोडली, असा मोठेपणा हल्ली कुठं दिसतो, असं लोक म्हणत. पाद्रीबोवांनी तर प्रवचनात त्याचं नाव न घेता त्याचाच दाखला दिला आणि सगळं चर्च माना वळवून त्याच्याकडे बघू लागलं. हालव्हार खाली बघत बसला. त्याला त्या पाद्रीबोवांना उचलून फियॉर्डमध्ये टाकावंसं वाटत होतं.

सहा वर्षांनी, एका रविवारी सकाळी, ब्रेक्के स्वतः त्याच्या घरी आले. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. योरुननं टेबलाशी बोलावलं, ते नको म्हणाले. तिनं दुसऱ्यांदा बोलावलं, ते जेवून आलो म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा बोलावलं, कारण ती कंजूष नव्हती. ते उठले आणि तपकिरी चीज घालून चार वॅफल खाल्ले. ताटलीत एक उरला.

मग त्यांनी खिशातून निळी डबी काढून टेबलावर ठेवली आणि उघडली. आत घड्याळ होतं. योरुनचा हात कॉफीच्या किटलीवरच थांबला. हालव्हारला वेस्टकोटाचा खिसा आठवला आणि स्वतःची लाजही वाटली.

"सुंदर आहे ना?" ब्रेक्के म्हणाले. त्यांनी घड्याळ उलटं केलं. मागे कोरलं होतं: तोर्मुद ऑयगार, पंचवीस सामने.

ब्रेक्के सांगू लागले. येत्या रविवारी इथल्याच मैदानावर समारंभ. घड्याळ देऊन चार शब्द बोलायला एक संपादक येणार होते, पण ते बर्फावर घसरले आणि पाय मोडून बसले. "ऐन वेळी कोण, म्हणून समितीत बराच वाद झाला. शेवटी सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आलं. कुठलीही जागा भरायला तुझ्यासारखा माणूस नाही रे. देशील ना घड्याळ?"

"नको," हालव्हार म्हणाला.

ब्रेक्के प्रसन्न हसले. इतकी वर्षं राजधानीत राहूनही रीत ते विसरले नव्हते. "अरे, तुझ्या हातून मिळालं तर तोर्मुदलाही बरं वाटेल."

"नको साहेब."

ब्रेक्केंनी पेन काढून कार्यक्रमपत्रिकेवर त्याचं नाव लिहायला घेतलं. तिसरा आग्रह म्हणजे आता नुसता शिक्का. कागदावरून मान वर न करताच ते म्हणाले, "मग येतोस ना रविवारी?"

"नाही," हालव्हार म्हणाला.

पेन थांबलं. ब्रेक्केंनी वर पाहिलं, मग योरुनकडे पाहिलं, जणू तिनं भाषांतर करून सांगावं. चौथ्यांदा काय विचारायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि शिकवलेलं असण्याचं कारणही नव्हतं. लिहिलेलं अर्धं नाव त्यांनी खोडलं आणि हवा फार बिघडलीय असं म्हणाले. योरुन म्हणाली, हो, बोट चुकवू नका. त्यांनी डबी खिशात घातली आणि ते धक्क्याकडे चालू लागले.

ताटलीत तो शेवटचा वॅफल तसाच होता. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. तो सुकून जातो, मग कोंबड्यांना घालतात.

हालव्हारनं तो कुणीही आग्रह न करता उचलला, त्यावर चीज घातलं आणि खाल्ला. योरुननं जामची बरणी त्याच्यापुढे सरकवली.